पलटण कोणाची?

मागच्या रविवारी नातवाचा फोन आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात राहतो. तिकडे थंडी मरणाची, पण त्या थंडीत हजारो लोक उघड्या मैदानात बसून फुटबॉल बघतात. तिकडचा फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि हाताने, खांद्याने जास्त. त्यांचा लाडका संघ ग्रीन बे पॅकर्स. नातू अर्धा तास त्याचाच इतिहास सांगत होता. शेवटी म्हणाला, "आबा, तुमची टीम कोणती?"

मी जरा गडबडलो. क्रिकेटचं नाव सांगून सुटलो असतो, पण त्याला ते नको होतं. त्याला 'गावाची टीम' हवी होती. मी म्हटलं, विचार करून लिहितो. म्हणून हा लेख. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं, कारण म्हातारा माणूस कबड्डीवर लिहायला बसला की थांबत नाही.

आधी त्याने सांगितलेलं थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. १९१९ मध्ये कर्ली लँबो नावाच्या तरुणाने आपल्या मालकाकडून गणवेशासाठी ५०० डॉलर मिळवले आणि संघ उभा केला. मालक म्हणजे मांस डबाबंद करणारी इंडियन पॅकिंग कंपनी, म्हणून संघाचं नाव पॅकर्स. (नावात इंडियन असलं तरी आपल्याशी संबंध नाही!) पुढे पैशाची चणचण झाली, तेव्हा १९२३ मध्ये शेअर काढून गावकऱ्यांनीच संघ विकत घेतला. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही आणि ते विकून नफाही होत नाही. तरी आज ५ लाखांहून जास्त लोक त्याचे भागधारक आहेत आणि गावाची वस्ती जेमतेम १ लाखाच्या वर! बाकीचे कित्येक संघ मालकाच्या मर्जीने एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले, हा मात्र शंभर वर्षं तिथेच आहे. कारण मालक कोण, तर गाव.

आता आपलं सांगतो. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडेही आणून पाहिला होता, हे फार लोकांना माहीत नसेल. २०१२ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाची स्पर्धा झाली. त्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता आणि त्यानेच पहिलं विजेतेपद पटकावलं. पण सामने कुठे झाले? कोलंबोत! नाव पुण्याचं, मैदान श्रीलंकेचं आणि खेळ अमेरिकेचा. पुढे त्या संघाचं नाव पुण्यातही कोणी काढेना. मुळाला माती नसली की रोप कितीही महागाचं आणा, ते धरत नाही.

दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, पुण्याच्या नावाने दुसरा एक धंदेवाईक संघ निघाला आणि तो मात्र टिकला. तो म्हणजे पुणेरी पलटण. खेळ कबड्डीचा. मी नातवाला ह्याच संघाचा इतिहास सांगायचं ठरवलं.

तसा आमच्या गावाचा आणि पुण्याच्या पलटणीचा संबंध जुना आहे. एप्रिल १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत पळत आमच्या पांढरकवड्याच्या आसपास येऊन पोचला होता आणि इथे कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याच्या सैन्याची दाणादाण उडवली. म्हणजे पुण्याची पलटण आमच्याकडे एकदाच आली, आणि हरली! 'पलटण' हा शब्दही आपण गोऱ्यांकडूनच घेतलेला. असो.

पलटणीकडे येण्याआधी खेळाचं मूळ सांगितलं पाहिजे. आम्ही लहानपणी 'हुतूतू'च म्हणायचो. आमच्या गावापासून थोडं खाली गेलं की तेलुगू मुलूख लागतो, तिकडे ह्याच खेळाला 'चेडुगुडू' म्हणतात. गावोगाव नियम वेगळे. बाद झालेला गडी परत येतो ती संजीवनी, बाद झाला की बाहेरच बसायचं ती गामिनी, आणि गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण लागतो ती अमर. ह्या गोंधळाला नियमात बसवण्याचं काम मराठी माणसांनी केलं. १९१८ मध्ये साताऱ्याला, १९२३ मध्ये बडोद्याला हिंद विजय जिमखान्यात आणि पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम ठरवले, सुधारले, छापले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला.

ह्यात आमच्या वऱ्हाडाचाही मोठा वाटा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ह्या मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, त्यात कबड्डी होती. मुख्य स्पर्धेत नव्हे, प्रात्यक्षिक म्हणून. पण ज्या काळात अमरावतीहून मुंबई गाठणं हीच यात्रा, त्या काळात ही मंडळी लंगोट घेऊन जर्मनीला गेली, हे काय कमी आहे?

आता एक गोष्ट मला उशिरा कळली, ती सांगतो. आपल्याला वाटतं की कबड्डीत पैसा २०१४ मध्ये आला. तसं नाही. मुंबईत, पुण्यात, कोकणात गल्लोगल्ली मंडळं होती. दिवसा गिरणीत, गोदीत काम करायचं आणि संध्याकाळी मातीत उतरायचं. खेळाडू चांगला निघाला की रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा, पोलीस खातं अशा ठिकाणी त्याला नोकरी मिळायची. कंपन्यांचे संघ आपसांत भिडायचे. हे लिलाव नव्हते, पण पोटापाण्याची सोय होती. पगारावर नाव कारकुनाचं किंवा शिपायाचं असायचं, पण माणूस घेतलेला असायचा तो चढाईसाठी किंवा पकडीसाठी. बुवा साळवींसारख्यांनी उभं आयुष्य घातलं तेव्हा ही साखळी तयार झाली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक घेतलं. त्या संघात पुण्याचे अशोक शिंदे होते. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

हे मला उशिरा कळलं असं मी म्हणालो, त्याला कारण आहे.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. शाळेत शिकवायला मराठी आणि इतिहास, पण पी.टी.चे शिक्षक नव्हते म्हणून मैदानही माझ्याकडेच. फक्की टाकून मीच रेषा आखायचो. नववीत एक मुलगा होता, जवळच्या कोलाम पोडावरचा. अंगाने काटकुळा, पण दम असा की चढाईला गेला की समोरचे थकायचे, ह्याचं 'कबड्डी कबड्डी' तुटायचं नाही. निदान रेषा ओलांडून, पायाने गडी मारून, पाठ न फिरवता परत यायचा. यवतमाळला जिल्ह्याच्या स्पर्धेत तो चमकला. पुढच्या सराव शिबिरासाठी त्याची निवड झाली. पंधरा दिवसांचं शिबिर, आणि दिवस कापूस वेचणीचे. मी त्याच्या बापाला विचारायला पोडावर गेलो. बाप म्हणाला, "गुरुजी, पोरगा गेला तर वेचणी कोन करन?" मी काय म्हणालो ते मला स्पष्ट आठवतं. मी म्हणालो, "खरं आहे. खेळून काही पोट भरत नाही."

मला समजवायला जायचं होतं आणि मीच त्याच्या बाजूचा झालो. मुलगा दाराशी उभा होता, काही बोलला नाही. पुढे दहावी काही झाली नाही, आणि तो जिनिंगमध्ये हमालीला लागला. खेळून पोट भरतं, रेल्वेत भरतं, पोलिसांत भरतं, हे मला ठाऊकच नव्हतं. वर्तमानपत्रात खेळाचं पान असायचं, त्यात कबड्डीचा निकाल दोन ओळींचा. माझा दोष एवढाच की मी माहिती न काढता शहाण्यासारखं बोललो.

आता २०१४. प्रो कबड्डी लीग सुरू झाली, २६ जुलैला मुंबईत पहिला सामना. संघ आठ. महाराष्ट्राचे दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. खेळाडूंचा लिलाव झाला. सगळ्यांत महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार रुपये, पाटण्याच्या संघाने घेतला. आता ह्या आकड्याचं हसू येईल, पण तेव्हा आम्ही डोळे चोळून वाचलं. माती गेली, मॅट आली, पायात बूट आले. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण आणा नाहीतर बाद व्हा. बचावात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली तर जादा गुण. त्यामुळे रेंगाळणं संपलं. पहिल्याच हंगामात दूरदर्शन संचावरून हा खेळ ४३ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, क्रिकेटच्या आयपीएलखालोखाल!

त्या दिवसांत एका संध्याकाळी दाराशी कोणी उभं राहिलं. पाहतो तर तोच, माझा जुना विद्यार्थी. डोक्याचे केस गेलेले, खांदे पोत्यांनी वाकलेले. "सर, तुमच्याकडं टीव्हीवर कबड्डी दिसते म्हनतात." त्या दिवसापासून हंगाम असला की तो येतो. मी खुर्चीवर, तो दिवाणावर. (आधी खाली बसायचा. दिवाणावर बसवायला मला एक अख्खा हंगाम लागला.)

आम्ही पक्ष घेतला तो पुण्याचा. खरं तर मुंबईचा घ्यायला हवा होता. अनुप कुमारच्या मुंबईने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ मध्ये विजेतेपद घेतलं. आणि पुणे? २०१४ मध्ये शेवटचं, २०१५ मध्ये पुन्हा शेवटचं. ज्या शहरात खेळाचे नियम घासूनपुसून घेतले गेले, त्या शहराचा संघ तळाला. मी चिडायचो. तो मात्र शांतपणे म्हणायचा, "सर, हे पोट्टे एकमेकांले ओळखत नाहीत. पकडीच्या वेळी पाहा, एक जन धरते अन् बाकीचे पाहतात." मी पुन्हा पाहिलं तर खरंच तसं होतं. साखळीची पकड म्हणजे एकाने हात दिला की दुसऱ्याने न सांगता पुढे व्हायचं. हे लिलावातून मिळत नाही, एका मातीत रोज पडून मिळतं.

२०१६ मध्ये पुण्याने मोठे खेळाडू आणले. बंगळूरूकडून मनजीत छिल्लर आला, अजय ठाकूर आला. प्रशिक्षक कोण, तर अशोक शिंदे, बीजिंगवाले. त्या वर्षी दोन हंगाम झाले आणि दोन्हींत पुणे तिसरं. बरं वाटलं. पण पुढे मनजीत गेला, ठाकूर गेला. २०१७ मध्ये दीपक हुड्डा कर्णधार, बाद फेरीत पाटण्याकडून हरले. मग २०१८ आणि २०१९ मध्ये बाद फेरीही नाही. दरवर्षी नवे चेहरे, नवा कर्णधार. आम्ही नावं पाठ करेपर्यंत हंगाम संपायचा.

ह्याच काळातली एक गंमत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरूच्या संघाने आपले 'घरचे' सामने नागपुरात मानकापूरच्या स्टेडियममध्ये खेळले. आम्ही दोघं एस.टी.ने गेलो, आयुष्यात पहिल्यांदा मॅटवरची कबड्डी समोर पाहिली. नागपूरची पोरं बंगळूरूच्या नावाने घसा फोडत होती. एवढा आवाज, एवढे दिवे! परतीच्या गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, बंगळूरचं घर नागपुरात कसं काय?" मला उत्तर आलं नाही. आमच्या विदर्भाचा स्वतःचा संघ नाही, म्हणून दुसऱ्याच्या घराला आपलं म्हणत बसलो होतो, एवढंच.

त्याच सुमारास पुण्याच्या लोकांनी एक शहाणपणाचं काम सुरू केलं. तयार नट विकत घेण्यापेक्षा कोवळी पोरं घेऊन वाढवायची. 'युवा पलटण' नावाने त्यांनी तरुणांची फळी उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये, करोनानंतर, सगळे सामने बंगळूरूत बिनप्रेक्षकांचे झाले. त्या हंगामात दोन कोवळे चढाईपटू दिसले, एक मोहित गोयत, हरियाणाचा, आणि दुसरा अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला. अस्लम गरिबीतून वर आलेला. त्याची चढाई पाहून माझा सोबती दिवाणावर सरळ होऊन बसला. "सर, हा घाईत नाही." बस, एवढंच म्हणाला. पण त्याच्या तोंडून ही मोठी पावती.

२०२२ मध्ये पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचलं. कर्णधार इराणचा फझल अत्राचली, प्रशिक्षक बी. सी. रमेश. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरकडून ३३-२९ असं हरलो. हो, 'हरलो'. कधी 'ते' चं 'आपण' झालं ते कळलं नाही.

आता इराणचं नाव आलं म्हणून थोडं थांबतो. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धेतलं पुरुषांचं प्रत्येक सुवर्णपदक आपलं. २०१८ मध्ये जाकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्याला हरवलं. आपल्याच लीगमध्ये खेळून ते आपला खेळ शिकले, असं लोक म्हणाले. ते खरंही आहे, पण त्यात वाईट काय? शिकवलेलं विद्यार्थ्याने परतून दाखवलं तर शिक्षकाने रडू नये. ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनच्या हांगझोऊमध्ये पुन्हा अंतिम सामना भारत आणि इराण. एका गुणाच्या वादावरून सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारत जिंकला, ३३-२९. भारताच्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे, दोघेही पलटणीचे. आणि समोर इराणकडून मोहम्मदरझा शादलू. दोनच दिवसांनी लिलाव झाला आणि पुण्याने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं! डिसेंबरात अस्लम कर्णधार आणि शादलू त्याच्या हाताखाली. कालपर्यंत ज्याचा पाय धरायचा, त्याच्याच हातात हात घालून साखळी करायची.

तो हंगाम पलटणीचा. साखळीत २२ सामने, त्यात १७ जिंकले, ३ बरोबरीत, फक्त २ हरले. गुण ९६, सगळ्यांच्या वर. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाशी अंतिम सामना. पंकज मोहितेने एकाच चढाईत ४ गुण आणले, तेव्हा आमच्या घरात एवढा गलका झाला की आतून हिने विचारलं, "कोण आलं?" पुणे जिंकलं, २८-२५. दहाव्या हंगामात पहिलं विजेतेपद. पहिल्या दोन वर्षांत तळाला असलेला संघ. टीव्हीवर अस्लम चषक उचलत होता. माझ्या सोबत्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, मी पाहिलं नाही. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

इथे लेख संपवला असता तर गोड झाला असता. पण इतिहास शिकवलाय, म्हणून पुढचं पानही उलटतो.

शादलूला पुढच्या लिलावात हरियाणाने नेलं, २ कोटी ७ लाखांना. त्या हंगामात अस्लमला दुखापत झाली, पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही. आणि अंतिम सामना कुठे, तर पुण्यात, बालेवाडीला! २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्याच अंगणात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. विजेत्या संघात शादलू. मागच्या मार्चमध्ये ज्याला डोक्यावर घेतलं, तो डिसेंबरात परक्या रंगात चषक उचलत होता. पुढच्या वर्षी तो गुजरातचा झाला. २०२५ मध्ये पुणे पुन्हा सावरलं. प्रशिक्षक अजय ठाकूर, तोच जो २०१६ मध्ये खेळाडू म्हणून आला होता. कर्णधार अस्लमच. साखळीत पहिला नंबर. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामना, आणि दिल्लीच्या संघाकडून ३१-२८ अशी हार. दिल्लीच्या कोपऱ्यात कोण उभा होता? फझल अत्राचली, आपला २०२२ चा कर्णधार.

त्या रात्री माझ्या सोबत्याने विचारलं, "सर, लिलावात घेतलं म्हनजे पोट्टा कोनाचा होते? पैशेवाल्याचा, गावाचा, का मायबापाचा?"

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच शोधावं लागलं. पॅकर्स गावाचे, कारण कागदावरच गाव मालक आहे. पुणेरी पलटण कागदावर एका कंपनीची आहे. ती उद्या नाव बदलू शकते, संघ विकू शकते. तुम्हीआम्ही टाळ्या वाजवल्या म्हणून भागधारक होत नाही. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. पण ह्या अकरा-बारा वर्षांच्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसली. पुण्याने जेव्हा फक्त विकत घेतलं, तेव्हा संघ वर चढला आणि पुन्हा घसरला. जेव्हा वाढवलं, तेव्हा तो टिकला. शादलू गेला, फझल गेला, पण अस्लम राहिला, कारण तो तिथे लहानाचा मोठा झाला. विकत घेतलेला माणूस त्या वर्षाचा, वाढवलेला माणूस आपला. शादलूने पुण्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. तो धंदेवाईक खेळाडू, त्याने त्याचं काम चोख केलं. मी एवढंच म्हणतो की ज्याने पोराला दाराशी उभा असताना आत घेतलं, संघ त्याचा.

आणि मी काय केलं? माझ्याकडे एक अस्लम आला होता. मी त्याला वेचणीला पाठवला.

ही गोष्ट मी त्याला चाळीस वर्षांत बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो. म्हटलं, "तुझ्या बापाला मी चुकीचं सांगितलं रे. मला माहीत नव्हतं." तो थोडा वेळ टीव्हीकडे पाहत राहिला. तिथे जाहिराती चालल्या होत्या. मग म्हणाला, "जाऊ द्या सर. बापाले कापूस वेचायचाच होता. तुम्ही काय, मी काय." आणि मग, उठता उठता, "पन शिबिरात गेलो असतो तर पाहिलं तं असतं, सर."

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नातवाला मी एवढंच लिहिलं, की बाळा, माझी टीम पुणेरी पलटण. ती माझ्या गावाची नाही, माझा तिच्यात शेअर नाही, आणि तिचा बालेवाडीचा मैदानही मी पाहिलेला नाही. पण दर हंगामात आम्ही दोघं ती एकत्र बघतो. तू सुट्टीत आलास की दिवाणावर जागा करू. आणि येताना तुझ्या पॅकर्सचा एक टी-शर्ट आण, मोठ्या मापाचा. माझ्यासाठी नाही. ज्याच्यासाठी आणायचा, त्याची ओळख इथे आल्यावर करून देईन.